घाम न येणाऱ्यांच्या मॅडम

साळवे मॅडम पहिल्या दिवशी वर्गात आल्या आणि हजेरीही न घेता म्हणाल्या, "तोंड उघडा सगळ्यांनी."

मार्च महिना होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा प्राणिशास्त्राचा तास, वर पत्र्याचं छत, आणि पंखा एकच, तोही लाईट असली तर. आधीचे सर मधेच सोडून गेले म्हणून या तासिका तत्त्वावर आल्या होत्या. आम्ही एकमेकांकडं बघत तोंडं उघडली.

"आता गळा हलवा. छाती नाही, नुसती गळ्याखालची कातडी. भराभरा."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, डॉक्टरला दाखवायचं का?"

"दाखव की. पण डॉक्टर कोंबड्यांचा बघ."

मिनिटभरात गळे अवघडले. मॅडम फळ्याला टेकून शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दमलात? डोंगरावरचा रातवा हे दुपारभर करतो. आणि तुम्हाला वरून घाम पण येतोय. घाम ही चैन आहे, लक्षात ठेवा. पाखराला घामाच्या ग्रंथीच नसतात."

त्या दिवसापर्यंत पाखराला उकडतं हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी मेंढपाळाची पोर. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. डोंगर मी जन्मापासून बघत होते, पण बघायचं कसं ते या बाईनं शिकवलं. म्हणून हे लिहायला बसले.

मॅडम मूळच्या कडा गावच्या. आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झालेले, वडील प्राथमिक शिक्षक. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालायला झपाझप. काळ्या छत्रीवर जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा शिवून घेतलेला. बीडच्या बाजारात पोरं हसायची, त्या म्हणायच्या, "हसा. तुमच्या डोक्यापेक्षा माझं डोकं गार आहे."

आणि तो थर्मामीटर. लांब, काचेचा, प्रयोगशाळेतला. पर्समध्ये जुन्या सुती मोज्यात गुंडाळलेला असायचा आणि कुठंही बाहेर निघायचा. एसटीच्या सीटवर, वर्गातल्या बाकावर, चहाच्या कपात. एकदा प्राचार्यांशी बोलता बोलता त्यांनी तो त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या खोलीत आणि आमच्या वर्गात फरक बघा." प्राचार्यांनी पाहिलं. आठ दिवसांत वर्गाच्या पत्र्याखाली बारदानाचं अस्तर लागलं. कुणी "लई ऊन हाय" म्हणालं की मॅडमचं ठरलेलं असायचं, "अंदाज नको, आकडा सांग."

पहिल्यांदा त्या आमच्या घरी आल्या, तेव्हाची गोष्ट. लपवत नाही, त्याआधी आमच्या घरात कुणी बौद्ध माणूस ओसरीच्या आत आलेलं नव्हतं. आई दारात जरा घुटमळली. मॅडम मात्र "वहिनी, चहा किती तापलाय बघू," म्हणत सरळ चुलीपाशी गेल्या आणि पातेल्यात थर्मामीटर घातला. आई आधी दचकली, मग हसायला लागली. पुढं मॅडम दिसल्या की आईच विचारायची, "आजचा आकडा किती वं बाई?"

त्यांची पीएच.डी. होती रातव्यावर. रातवा म्हणजे दगडाच्या रंगाचा, अंधार पडल्यावर किडे धरणारा पक्षी. घरटं बांधत नाही. उघड्या मुरमाडावर दोन अंडी घालतो आणि दिवसभर त्यांच्यावर बसून राहतो, दगडासारखा. आमच्या गावामागच्या टकल्या डोंगरावर ते होते. लिंबागणेशच्या पलीकडं बालाघाटची रांग जाते तिच्यातलाच हा एक, झाड नाही म्हणून टकल्या.

माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन रोज तिथं असायचे. आबांना या बाईचं कोडंच पडलं.

"बाई, त्या पाखराचा गळा मोजून त्याला काय मिळणार?"

"त्याला काही न्हाई मिळणार, आबा. मला डॉक्टरकी मिळंल."

"मंग आमच्या मेंढराला सुई माराल का?"

"त्यातली न्हाई ही डॉक्टरकी."

"मंग कशातली?"

"ते लिहून झाल्यावर सांगते."

आबा हसले. त्यांना खरं बोलणारं माणूस आवडतं. मग त्यांनीच सांगितलं की मेंढरं भर दुपारी गोल करून उभी राहतात आणि एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालतात, सावलीला. मॅडमनी ते लगेच वहीत उतरवलं आणि खाली आबांचं नाव लिहिलं. आबांना वाचता येत नाही, पण आपलं नाव ओळखता येतं. ते पान त्यांनी बराच वेळ बघितलं.

मॅडम शिकवायच्या ते असं, डोंगरावर बसून. पाखराचं अंग आपल्यापेक्षा मुळातच जास्त गरम, चाळीस-एक्केचाळीस. हवा त्याच्याहून थंड असेल तोवर अंगातली ऊब आपोआप बाहेर जाते. हवा त्याच्यावर चढली की उलटं होतं, बाहेरची उष्णता आत शिरायला लागते. मग पाणी उडवून गार होणं एवढा एकच उपाय उरतो. होला ते कातडीतून करतो. टिटवी तळ्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. कावळा चोच वासून धापा टाकतो, पण धाप टाकायला सगळी छाती हलवावी लागते, आणि हलणारं अंग आणखी तापतं.

"रातवा हुशार," त्या म्हणायच्या. "आपण दुखणं अंगावर काढतो तसा तो आधी ताप अंगावर काढतो. अंग थोडं तापू देतो, पाणी वाचवतो. अगदीच न्हाई जमलं की तोंड उघडून नुसता गळा थरथरवतो. पातळ ओली कातडी, आत रक्त. कष्ट कमी, गारवा जास्त. पण पाणी किती? रात्री खाल्लेल्या किड्यांतलं आन् संध्याकाळी उडून एखादा घोट पिला असंल तेवढं."

"मंग अडचण काय हाय?" आबा विचारायचे.

"अडचण ही की आता रात्रीपण गार होईनात. सकाळ उजाडते तीच तापलेल्या अंगावर. दुसरीकडं मोठमोठे डोंगर आहेत, तिथली पाखरं ऊन वाढलं की वर वर सरकतात. आपल्या टकल्याच्या वर काय हाय?"

"मोबाईलचा टावर."

"म्हंजे सावली न्हाई, नुसती रेंज. याला जायला जागाच न्हाई, आबा. हाय तिथंच निभवायचं. कसं निभवतो आन् कुठवर, तेवढंच मला बघायचंय."

त्यासाठी एक तरी पाखरू अंडी घातल्यापासून पिल्लं चालायला लागेपर्यंत, रोज दुपारी, न चुकता बघायला हवं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मुंगसानं अंडी खाल्ली. दुसऱ्या उन्हाळ्यात अवकाळी गारपीट झाली. तिसरा उन्हाळा शेवटचा. विद्यापीठाची मुदत संपत होती, पुन्हा वाढवून मिळणार नव्हती. मी तोवर शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आबांनीच अंडी दाखवली, डोंगराच्या मधल्या उतारावर. मॅडमनी तिथून चाळीस पावलं मागं एक धोंडा गाठला आणि दुर्बीण लावून बसल्या.

आणि चौथ्याच दिवशी नाना वर आले.

नाना म्हणजे आमचे सरपंच. दर चतुर्थीला लिंबागणेशला पायी जाणारा, शब्दाचा पक्का आणि लई हट्टी माणूस. गावाला टँकर लागायचा म्हणून त्यांनी श्रमदानातून डोंगरावर समतल चर खोदायचं ठरवलं होतं, पाणी अडवायला. फक्कीनं रेघा मारल्या होत्या. पहिली रेघ रातव्याच्या अंड्यांवरून जात होती.

"नाना, काम थांबवा म्हणत न्हाई मी," मॅडम म्हणाल्या. "वरच्या टोकापासून चालू करा. इथवर यायला वीस दिवस लागतील. तवर हिची पिल्लं चालत जातील."

"वर कातळ हाय, बाई. मशीन न्हाई आपल्याकडं, माणसं हायत. पहिल्याच दिवशी कातळावर कुदळी मोडल्या तर दुसऱ्या दिशी येतंय कोण?"

"पण माथ्यापासून पायथ्याकडं असाच नियम हाय ना?"

"नियम मला नका शिकवू. आमी गावाच्या पाण्याचं बघतोय, तुमी एका पाखराचं. त्याला उडून जायला काय धाड भरली?"

मॅडमनी एकदा फक्कीच्या रेघेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "नाना, एक करा. उद्या दुपारी बारा ते दोन इथं माझ्याशेजारी बसा. ती बसते तसं. तुमी दोन तास बसलात तर खुशाल इथून खोदा, मी तोंड उघडणार न्हाई."

आता हे नानांना सांगणं म्हणजे बैलाला लाल दाखवणंच. "दोन कशाला, चार तास बसतो."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव खालच्या वळणावर जमलं. मॅडमनी सगळ्यांना तिथंच थांबवलं आणि फक्त नाना, आबा आणि मला पुढं घेतलं. नानांनी डोक्यावर टॉवेल घेतला.

"टॉवेल काढा," मॅडम म्हणाल्या. "तिनं घेतलाय का?"

टॉवेल काढला. नानांनी बाटली उघडली.

"पाणी न्हाई. तिच्याजवळ न्हाई."

"लई खट हाय बाई," नाना आबांना म्हणाले आणि मुरमावर मांडी घातली. घातली तशी उचलली. बूड भाजलं होतं. मग परत घातली. मॅडमही शेजारी तशाच बसल्या, छत्री मिटून. थर्मामीटर त्यांनी दोघांच्या मधे मुरमावर ठेवला आणि नानांना म्हणाल्या, "आकडा बघू नका. उगं त्रास होईल."

पंधरा मिनिटांत नानांचा सदरा पाठीला चिकटला. मॅडमनी दुर्बीण दिली. "तो तपकिरी दगड दिसतोय? त्याच्या खालचा. आता त्याचा गळा बघा."

नाना बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "थरथरतंय की."

"ते तिचं घाम गाळणं. तुमचा घाम अख्ख्या अंगानं निघतोय. तिला एवढी बोटभर जागा."

"उठून सावलीला का जात न्हाई मंग?"

"अंडी हायत ना खाली. ती उठली तर अंडी शिजतील. ती त्यांना ऊब द्यायला बसली न्हाई, नाना. सावली द्यायला बसलीय."

नानांनी दुर्बीण परत दिली आणि मांडी आणखी घट्ट घातली. पाऊण तासानं त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. मॅडम सारख्या त्यांच्याकडंच बघत होत्या, पाखराकडं नाही. म्हणाल्या, "उठा नाना, पुरे. झटका बसंल."

"ती उठली का?"

"न्हाई."

"मंग मी बी न्हाई."

"तुमाला काय अंडी उबवायचीत का? आबा, उचला यांना."

आबांनी काखेत हात घालून उचललं. खाली वळणावर, पायथ्याच्या बाभळीच्या सावलीत त्यांना बसवून मॅडमनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, एक तांब्या, मग दुसरा. गाव खिदळत होतं. एक म्हातारी म्हणाली, "नाना, चार तास झाले वाटतं एवढ्यात?" नानांनी तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "वरून चालू करा. कातळ लागला तर लागू द्या."

कातळ लागलाच. दोन कुदळी मोडल्या. पण माणसं कमी न होता वाढली. नानाला हरवणारं पाखरू हाय तरी कसं, म्हणून शेजारच्या वस्तीवरचे लोकही यायला लागले. बायकांनी तिचं नाव ठेवलं, नानाची पाव्हणी.

याच कौतुकातून पुढचा घोळ झाला, आणि तो माझ्या बापानं केला.

मॅडम एका दिवसासाठी परीक्षेच्या कामाला कॉलेजात अडकल्या होत्या, त्या दुपारी वही मी लिहिली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही दोघी वर गेलो, तर अंड्यांवर एक खोप उभी. लिंबाच्या फांद्या, त्यावर ओलं गोणपाट, पुढ्यात वाडग्यात पाणी. रानात मेंढी व्याली की कोकराला ऊन लागू नये म्हणून आमचे लोक करतात, अगदी तशी. आबा शेजारी उभे, चेहरा नव्या बापासारखा.

"सकाळीच केली. गारेगार झालंय आत," ते म्हणाले.

रातवा खोपीत नव्हता. सात पावलांवर, भर उन्हात, तोंड वासून, अंड्यांकडं तोंड करून बसला होता.

मॅडमनी आधी नुसतं बघितलं. मग आबांना सांगितलं, रागावून नाही, वर्गात सांगायच्या तसं, "आबा, तिचा सगळा भरवसा दगडासारखं दिसण्यावर. खोपीत गेली की चारी बाजूंनी काय येतंय ते दिसत न्हाई, उडायला वाट न्हाई, वारा पण अडतो. ती आत जाणार न्हाई."

"कोकराला करतो तशीच केली की मी," आबा म्हणाले.

"व्हय आबा. कळलं मला."

मॅडम पालथ्या झाल्या आणि घोरपडीच्या चिकाटीनं सरपटत निघाल्या. एक फांदी काढायची, थांबायचं. दुसरी काढायची, थांबायचं. घाई केली तर पाखरू उडून जाणार, उशीर केला तर दुपार चढणार. गोणपाट निघालं आणि अंड्यांवर थेट ऊन पडलं. त्या तशाच सरपटत मागं आल्या. कोपरं सोलली होती. म्हणाल्या, "आता घड्याळ आपलं न्हाई, अंड्यांचं. लांब चला."

आम्ही धोंड्यामागं बसलो. पाखरू हललं नाही. आबांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं. मॅडम अंड्यांशेजारच्या मुरमाचा अंदाज बांधत असणार, पण आकडा त्यांनी त्या दिवशी मागितला नाही, सांगितलाही नाही. किती वेळ गेला ते मलाही सांगता येणार नाही. मग तो दगड हलला. दोन पावलं सरकला, थांबला. परत सरकला. शेवटी डुलत डुलत अंड्यांवर चढला आणि अंग पसरून बसला.

"बसली," आबा म्हणाले. त्यांनी पागोटं परत डोक्यावर घातलं.

पुढं मॅडमच्या प्रबंधात त्या तारखेपुढं लिहिलेलं आहे, मी स्वतः वाचलंय: वाचन घेता आले नाही, अंड्यांवर सावली करण्यात आली होती. त्यांच्या मार्गदर्शकांनी विचारलं, कुणी केली? मॅडम म्हणाल्या, "सहसंशोधकानं."

पण अंडी जिवंत होती की त्या दुपारी शिजली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. सोळा-सतरा दिवसांत पिल्लं निघायला हवीत. सतरावा दिवस गेला. मॅडमच्या तीन उन्हाळ्यांचं काम त्या दोन अंड्यांत होतं, आणि आबांचं जेवण. ते निम्मी भाकरी ताटात ठेवायचे. चर खोदत खोदत गाव खाली येत होतं. नाना वरून ओरडायचे, "बाई, आमी आलो बरं का. तुमच्या पाव्हणीला म्हणावं, उरका." मॅडम हात हलवायच्या. वहीत मात्र रोजच्यासारखं लिहायच्या, गळा कधी सुरू झाला, कधी थांबला. आबांना एक शब्द लागेलसा बोलल्या नाहीत. उलट एकदा म्हणाल्या, "न्हाई निघाली तरी ती कुठवर सोसते ते तर कळलंच की, आबा." आबांचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

एकोणिसाव्या दिवशी मॅडम दुर्बिणीतून बघता बघता थांबल्या. दुर्बीण आबांच्या हातात दिली. आबांनी ती कधी धरली नव्हती, आधी उलटीच लावली. सुलट करून बघितलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तिच्या छातीखाली मुरूम हलतोय," आबा म्हणाले.

एक पिल्लू होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी निघालं. मॅडम धोंड्यामागं पाय पसरून बसल्या आणि डबा उघडला. त्या दुपारी आम्ही चौघांनी मिळून बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, नाना वरून उतरून आले होते. त्यांनी दोन्ही पिल्लं बघितली, आणि मॅडमना म्हणाले, "एवढीशी चीज. हिच्यासाठी तुमी मला भाजून काढलं."

"आन् तुमी भाजून घेतलं, नाना," मॅडम म्हणाल्या.

तीन-चार दिवसांत पिल्लं आईच्या हाकेवर चालायला लागली, आज इथं, उद्या दहा पावलं तिकडं. मग एका सकाळी जागा रिकामी होती. चराची शेवटची रेघ तेवढी राहिली होती.

त्या सकाळी मला परीक्षेसाठी लवकरची एसटी धरायची होती. मॅडम पुढच्या आठवड्यात प्रबंध पुरा करायला संभाजीनगरला गेल्या, तिथून त्यांना विदर्भात नोकरी लागली. कायमची. आता फोनवर बोलतो आम्ही, पण डोंगरावर त्यांना मी बघितलं ते त्याच सकाळी शेवटचं.

त्या सकाळी मॅडम नानांकडं गेल्या आणि म्हणाल्या, "इथली मी खोदते. कुदळ द्या."

"हात फुटतील, बाई."

"फुटू द्या. गावाच्या पाण्याचं मला पण बघू द्या जरा."

नानांनी कुदळ दिली. मॅडमनी ती फळ्यावर खडू धरतात तशी धरली. लोक हसले. आबा पुढं झाले, "बाजूला व्हा, मी मारतो," तर मॅडमनी त्यांना कोपरानं ढकललं. पहिला घाव दगडावर बसला आणि हात झिणझिणले. दुसरा बसला बरोबर, मूठभर मुरूम सुटला.

मी खालच्या वळणावर पोचले तेव्हा मागं वळून बघितलं. चाळीसेक माणसं एका रांगेत होती. एवढ्या लांबून कोण कोण आहे ते कळत नव्हतं. सगळ्यांच्या कुदळी एका ठेक्यात वर जात होत्या. एकच कुदळ जरा मागं राहून, स्वतःच्या चालीनं वर जात होती.